निर्णायक मार्ग आणि सकाळची लोकल

‘निर्णायक मार्ग’ ही नियोजनपद्धती १९५७च्या सुमारास ड्युपाँट या अमेरिकी रसायन कंपनीच्या कामातून पुढे आली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी म्हणजे हा मार्ग, ज्यातील एक काम रेंगाळले की संपूर्ण प्रकल्प लांबतो. अंबरनाथच्या बुवापाड्यातील एखाद्या घरी, नळाला ठराविक वेळीच पाणी येत असेल आणि कोणाला कल्याणच्या दिशेची लोकल गाठायची असेल, तर पाणी भरणे, स्वयंपाक, डबा आणि स्थानकापर्यंतची वाट अशी तीच साखळी पहाटे उभी राहते. केर काढण्याला मात्र ‘सवड’ असते, म्हणजे ते काम मागे पडले तरी गाडी चुकत नाही.

येथवर गणित सोपे आहे; परंतु मूळ पद्धती राबणारे हात पुरेसे आहेत असे गृहीत धरते, आणि बहुतेक घरांत पाणी, स्वयंपाक, मुलांची तयारी हे सारे एकाच स्त्रीवर येऊन पडते. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७मध्ये पुरेसे हात गृहीत धरण्याचा हा दोष दाखवून ‘निर्णायक साखळी’ मांडली, जीत माणसाची उपलब्धताही मोजली जाते. त्या हिशेबाने, घरातील दुसऱ्या कोणी डबा भरला, तरच सकाळ खरोखर आखूड होते.