दोन दिवसांचा पाहुणा आणि आपला बाजार

पर्यटन हा हॉटेलवाल्यांचा आणि गाडीवाल्यांचा धंदा आहे, कापडवाल्याचा, बेकरीवाल्याचा किंवा शिंप्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. ही समजूत नुकसान करणारी आहे. रत्नागिरीत शनिवारी येऊन रविवारी परतणारा पाहुणा खिशात पैसे घेऊन येतो. ते पैसे कोणाच्या गल्ल्यात जातात, याचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

हा पाहुणा कोण?

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी खुला झाला आणि मुंबईहून पहाटे निघालेला माणूस दुपारपर्यंत रत्नागिरीत पोचू लागला. 2023 पासून वंदे भारत गाडीही येथे थांबते. कोल्हापूर, सांगलीकडील मंडळी आंबा घाट उतरून मोटारीने येतात. पूर्वी बहुतेक करून कुटुंबे येत. आता एका कार्यालयातील किंवा एका कॉलेजातील सहा-आठ मित्रांची टोळी येते. त्यांना किल्ला पाहायचा असतो, समुद्रात भिजायचे असते आणि रात्री कुठेतरी गप्पा मारत बसायचे असते.

तासांचा हिशेब

समजा, अशी टोळी शनिवारी दुपारी बारा वाजता आली आणि रविवारी संध्याकाळी सहाला निघाली. एकूण तीस तास झाले. झोपेचे आठ वजा केले की बावीस उरतात. रत्नदुर्ग किल्ल्याला दोन तास, थिबा राजवाडा आणि लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान मिळून तीन तास, भाट्ये किनाऱ्यावर दोन तास, आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन येण्यास पाच तास, जेवणखाणाला चार तास. ही बेरीज सोळा होते. उरले सहा तास. यातला मोठा भाग शनिवारच्या मगरिबनंतरचा असतो. त्या वेळी प्रेक्षणीय स्थळे बंद होतात आणि लवकरच आपल्या दुकानांचे शटरही खाली येऊ लागते.

संध्याकाळ कोणाची?

मग ही टोळी जाते कुठे? परमिट रूममध्ये. काही जण दारूसाठीच जातात, हे खरे. पण सहा मित्रांत एक-दोघे न पिणारे असतातच. तेही तिथेच बसतात, कारण रात्री उशिरापर्यंत बसायला दुसरी जागा त्यांना कोणी दाखवलेली नसते. दारू विकणे आणि पाजणे हलाल कमाईत बसत नाही, यात वाद नाही. प्रश्न असा की, त्या धंद्यापासून दूर राहायचे म्हणून संपूर्ण संध्याकाळच दुसऱ्याला देऊन टाकायची का?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. कॉफी हा शब्द अरबी कहवा या शब्दावरून आला. इस्तंबूलमध्ये 1550 च्या दशकात कहवाखाने सुरू झाले आणि लोकांना दारूच्या गुत्त्याशिवाय रात्री बसायला, बोलायला जागा मिळाली. पुढे 1652 मध्ये लंडनमध्येही कॉफीखाना निघाला. तेथील व्यापाऱ्यांनी अशा जागी बसून सौदे केले. जहाजांच्या विम्यासाठी प्रसिद्ध असलेले लॉईड्स हे नाव आपल्या कोकणातील खलाशांना नवे नाही. ते नावही एका कॉफीखान्याच्या मालकाचेच आहे. माणसाला संध्याकाळी मुख्यतः बैठक हवी असते. ती बैठक ज्याने दिली, त्याच्याकडे गिऱ्हाईक गेले.

आणि रात्रीचा बाजार आपल्याला नवा आहे का? रमजानमध्ये तरावीहनंतर आपण दुकाने चालवतोच. मुंबईत मिनारा मशिदीजवळ त्या महिन्यात सर्व धर्मांचे लोक खाण्यासाठी गर्दी करतात. जे आपण एक महिना करतो, ते वर्षभर फक्त शनिवारच्या रात्री करणे अशक्य नाही.

काय विकावे?

एक स्वच्छ जागा, चांगला प्रकाश, बसायला बाकडी, कडक चहा आणि गरम कबाब एवढ्यावर सुरुवात होते. सांदण, खापरोळी, घावणे हे आपल्या घरोघरी होणारे पदार्थ मुंबईच्या पाहुण्याला सहसा हॉटेलात मिळत नाहीत. घरातील भगिनींच्या हाताला यातून रोजी मिळू शकते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तरीही पावसाळ्यात टोळ्या येतात. त्या दिवसांसाठी कोंबडीचे आणि सुक्या मासळीचे पदार्थ ठेवावेत.

कापडाच्या धंद्यात मी तीस वर्षे आहे. भाट्याला भिजलेला मुलगा रंगीत साडी मागत नाही. त्याला टॉवेल, सुती लुंगी, अर्धी चड्डी, टोपी आणि पावसात रेनकोट हवा असतो, तोही लगेच. हा माल आतल्या कपाटात ठेवून उपयोग नाही, तो दाराशी टांगला पाहिजे. शिंपी बांधवांनी कापडी पिशव्या शिवाव्यात. काजू, आमसूल, आंबापोळी घेणाऱ्याला पिशवी लागतेच. बेकरीवाल्यांनी नानखटाईची लहान पाकिटे करावीत, म्हणजे ती गाडीत नेता येतील.

दुकानदाराला दोन गोष्टी सांगताही आल्या पाहिजेत. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले. 1886 मध्ये त्याला रत्नागिरीस आणले, 1910 मध्ये तो या राजवाड्यात राहायला आला आणि 1916 मध्ये येथेच वारला. त्याची कबर शहरातच आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले. ज्या दुकानात अशी माहिती मिळते, तिथे गिऱ्हाईक थांबते, आणि थांबलेले गिऱ्हाईक काहीतरी घेते.

व्यवहाराची शिस्त

रविवारी दुकान उघडे ठेवण्यास कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे दुकान सातही दिवस चालवता येते. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी दिली पाहिजे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान माणसालाही 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ज्यांच्या घरात रिकाम्या खोल्या आहेत, त्यांनी शासनाच्या निवास व न्याहारी योजनेची चौकशी करावी. घरात दारू चालणार नाही, ही अट फोनवर खोली ठरवतानाच नम्रपणे सांगावी. ज्याला पटेल तो येईल, आणि आल्यावर वाद होणार नाही.

सर्वांत मोठी गोष्ट भावाची. पाहुणा पुन्हा येणार नाही, असे समजून छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि दीनमध्येही त्याला जागा नाही. दुसऱ्या गावचा आंबा रत्नागिरी म्हणून विकणे हीसुद्धा फसवणूकच. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा गिऱ्हाईकही आता विचारू लागले आहे.

टोळीतील एक माणूस खूश होऊन गेला, तर पुढच्या वेळी तो दुसरी टोळी पाठवतो. त्याच्या जाहिरातीला पैसे पडत नाहीत. चार दुकानदारांनी एकत्र येऊन एका गल्लीत शनिवारच्या रात्री अकरापर्यंत दिवे चालू ठेवून पाहावेत. तीन महिन्यांचा हिशेब वहीत लिहावा आणि मग ठरवावे. मेहनत आणि सचोटी आपली, बरकत देणारा अल्लाह आहे.