मुरुम नसलेलं बेट

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला समुद्रात कितावा नावाचं छोटंसं बेट आहे. तिथल्या १२०० जणांची त्वचा तपासली गेली. त्यांत ३०० जण १५ ते २५ वयाचे, म्हणजे आपल्याकडे ज्या वयाची मुलं आरशासमोरून हलत नाहीत, त्या वयाचे. मुरुमांचे रुग्ण किती सापडले? एकही नाही! पॅराग्वेच्या जंगलातल्या आचे जमातीतही तेच. लॉरेन कॉर्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हे प्रसिद्ध केलं आणि ‘वयात आलं की मुरुम यायचेच’ हे गृहीतकच डळमळलं.

बरं, कितावाची माणसं काही कडक पथ्याची नव्हती. बहुतेक प्रौढ सर्रास धूम्रपान करणारे. कंद आणि रताळी हे मुख्य अन्न, म्हणजे पिष्टमय पदार्थही भरपूर. जोडीला फळं, नारळ, मासे. जवळजवळ नव्हतं ते साखर, मैदा, दूध आणि पाकीटबंद खाणं.

आता चेहऱ्याच्या एका छिद्रात डोकावू. चेहऱ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० तेलग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात आणि त्या फुगून जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी गळून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. बूच बसतं. मागे तेल साचतं, प्राणवायू कमी होतो आणि आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा एक जिवाणू तिथे फोफावतो. शरीराची संरक्षक फौज धावून येते. लाली, सूज, पू हा त्या धुमश्चक्रीचा परिणाम. तोंड उघडं असलेल्या बुचाचं टोक काळं दिसतं, पण ती धूळ नव्हे. ते आहे त्वचेचं रंगद्रव्य आणि हवा लागून बदललेलं तेल. त्यामुळे ‘तोंड नीट धूत नाहीस’ हा घरोघरचा आरोप साफ खोटा. घासून घासून धुतलं, तर त्वचा उलट चिडते.

खरी गंमत पुढेच आहे. तेलग्रंथींना हुकूम देणारी आणखी एक साखळी थेट जेवणाच्या ताटापासून सुरू होते. रक्तात साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन वाढतं आणि त्याच्या पाठोपाठ आयजीएफ-१ नावाच्या संप्रेरकाचा जोरही वाढतो. मुलांची उंची वाढवणारं हेच ते संप्रेरक! तेलग्रंथीही त्याचं ऐकतात. लॅरॉन सिंड्रोम या दुर्मीळ विकारात आयजीएफ-१ नगण्य असतं. माणसं बुटकी राहतात, आणि त्यांच्यात मुरुमही क्वचित दिसतात. यातल्या काही स्त्रियांना उपचार म्हणून आयजीएफ-१ दिलं, तर मुरुम आले; मात्रा कमी केल्यावर किंवा औषध थांबवल्यावर गेले.

मग डॉक्टर इतकी वर्षं ‘खाण्याचा संबंध नाही’ असं का सांगत होते? त्याचं बरंचसं श्रेय १९६९ च्या एका अमेरिकन प्रयोगाला जातं. ६५ जणांना कधी चॉकलेट, कधी चॉकलेटसारखी दिसणारी वडी दिली. मुरुमांत फरक पडला नाही. पण त्या नकली वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते! माझ्या मते त्या प्रयोगातून चॉकलेट निर्दोष सुटलं, साखर नाही. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. रक्तातली साखर हळू चढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा जवळपास दुप्पट संख्येने कमी झाले. दुधाविरुद्धचा पुरावा मात्र एवढा भक्कम नाही. दुधापासूनच बनणाऱ्या, जिममधल्या व्हे प्रोटीनवर संशय आहे, इतकंच.

ताणाचाही मुरुमांशी संबंध दिसतो. स्टॅनफर्डमध्ये २२ विद्यार्थी परीक्षेआधी आणि परीक्षेच्या काळात तपासले. ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे मुरुमही जास्त बळावले.

पण म्हणून पोरांवर डाफरू नका. जुळ्यांच्या अभ्यासांत मुरुमांमधला मोठा वाटा आनुवंशिकतेचा निघाला आहे. एकच ताट जेवणाऱ्या दोन भावंडांत एकाचा चेहरा नितळ, दुसऱ्याचा भरलेला, हे आपण पाहतोच. आणि कालच्या वडापाववरही आळ घेऊ नका. आज दिसणाऱ्या मुरुमाचं बूच काही आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं. म्हणूनच आहार बदला किंवा मलम लावा, फरक कळायला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

मुरुम खोल आणि दुखरे असतील तर मात्र तेवढी वाट पाहू नका, त्यांचे व्रण कायमचे राहू शकतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, मेडिकलमधून कुणी सुचवलेली स्टेरॉइडची ट्यूब परस्पर आणू नका, तिनेही मुरुम येतात. मुलीला मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर फेसवॉश बदलत बसण्यापेक्षा पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्या.