जुन्या मोटारीची निगा : दोष ओळखा, अपघात टाळा

एके काळी सरकारी कचेरीसमोर उभी असलेली पांढरी अँबॅसॅडर मोटार हे नेहमीचेच दृश्य होते. बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही अनेक कुटुंबांनी आपली जुनी गाडी जिवापाड जपली आहे. गाडी जुनी असणे हा दोष नव्हे. तिच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे हा मात्र दोष होय. जुन्या अँबॅसॅडरच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाची रचना साधी आहे. त्यामुळे नेहमीचे बहुतेक बिघाड सामान्य वाहनधारकासही ओळखता येतात.

गाडी सुरू न होणे

प्रथम स्टार्टर इंजिन फिरवितो की नाही, हे पाहावे. तो कण्हत फिरत असेल व दिवे मंदावत असतील, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलांत असतो. टर्मिनलांवर साचलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुऊन काढावा, जोड घट्ट करावेत व वर पेट्रोलियम जेली लावावी.

इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर ठिणगी व पेट्रोल यांपैकी एकाचा अभाव आहे, असे समजावे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमटपणा शिरतो व ठिणगी वाटेतच विरते. टोपी व प्लगच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसल्यास अनेकदा तेवढ्यानेच काम भागते. न भागल्यास पॉइंट तपासावेत. त्यांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर व प्लगची सुमारे ०.६ मिलिमीटर असावी. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर बदलणे इष्ट.

घाटातील तक्रारी

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना इंजिन तापते. पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अकस्मात बंद पडते. मेस्त्री मंडळी यास 'एअर लॉक' म्हणतात. गाडी सावलीत उभी करून पंपावर ओले फडके ठेवावे. थोड्या वेळाने गाडी पूर्ववत चालते.

पाणी उकळत असल्यास फॅनचा पट्टा, रेडिएटर व रबरी नळ्या पाहाव्यात. पट्टा अंगठ्याने दाबला असता एक ते दीड सेंटिमीटर दबावा. रेडिएटरचे झाकण तापल्या स्थितीत कदापि उघडू नये. उसळलेल्या वाफेने चेहरा व हात भाजतात. इंजिनाचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळत आहे, असे समजून गाडी न चालविता मेस्त्रीस दाखवावी.

ब्रेक : जिवाचा प्रश्न

वरील बिघाडांनी गाडी थांबते. ब्रेकच्या बिघाडाने ती थांबत नाही. म्हणून या बाबतीत 'उद्या पाहू' ही वृत्ती सर्वस्वी त्याज्य होय. पेडल हळूहळू खाली बसत असेल किंवा चाकाच्या आतील बाजूस ओल दिसत असेल, तर रबरी वॉशर झिजून ब्रेक ऑइल गळत आहे, असे समजावे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. सबब दर दोन वर्षांनी ते बदलावे. त्याऐवजी इंजिनाचे तेल कधीही घालू नये. त्याने रबर फुगते व ब्रेक निकामी होतात.

उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय घातक आहे. सतत दाबलेले ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

नवे इंधन, जुने रबर

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर इथेनॉलने मऊ पडते किंवा तडकते. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलचा थेंब गळणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. यास्तव पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा बसवून घ्यावा. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. पेट्रोलचा वास येताच इंजिन बंद करावे, जवळपास काडी ओढू नये व गळती बंद होईतो गाडी चालवू नये.

नोंदवही ठेवावी

सरकारी वाहनाचे लॉगबुक असते, तशी एक लहानशी वही घरच्या गाडीसाठीही ठेवावी. तेल, पॉइंट, नळ्या व ब्रेकचे काम केव्हा झाले, हे तारखेसह लिहावे. नोंदणीस १५ वर्षे झाल्यानंतर खाजगी गाडीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते; त्या तपासणीच्या वेळी ही वही उपयोगी पडेल. परंतु तिचा खरा उपयोग त्याहून मोठा आहे. गाडीत बसणारी मुलेमाणसे सुखरूप घरी परततील, याची ती एक साधी हमी आहे.