नव्या गाडीची टाकी कोणी भरायची?

गाडी घेताना : भाग ६

पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या सकाळी मोटारींच्या शोरूमबाहेर थोडा वेळ थांबले, की तोच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. गाडीवरचे रेशमी कापड बाजूला होते, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फुटतो, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. मग गाडी फाटकाबाहेर पडते आणि देवळाआधी पेट्रोल पंपाकडे वळते, कारण समोर इंधनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. सात-आठ लाख मोजून घेतलेल्या गाडीत पेट्रोल मात्र जवळच्या पंपापर्यंत जेमतेम पुरेल एवढेच. मागच्या सीटवरून कोणीतरी विचारतेच, ‘एवढे पैसे घेतले, टाकी भरून द्यायला काय झाले होते यांना?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर शोरूममध्ये सहसा मिळत नाही. नोंदणी, विमा, नंबर प्लेट यांबाबत कायदा काटेकोर आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून देण्याची जबाबदारी कंपनी आणि डीलरवर आहे. त्याआधी, १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला फास्टॅग लावूनच द्यावा लागतो. टाकीत किती इंधन असावे याबद्दल मात्र कायदा काही सांगत नाही. जे मिळते ते रिवाजाने मिळते. कुठे पाच लिटरचे कूपन, कुठे शेजारच्या पंपाची चिठ्ठी, कुठे काहीच नाही.

टाकी रिकामी का असते, हे समजायला गाडीचा कारखान्यापासूनचा प्रवास पाहावा लागतो. गाडी जुळून तयार झाली की शेवटच्या टप्प्यावर तिच्यात थोडे इंधन घालतात. इंजिन सुरू करून तपासणे, आवारातल्या चाचणीमार्गावर फेरी मारणे, ट्रेलरवर चढवणे, उतरवणे, यार्डात ओळीने लावणे ही सगळी हालचाल तेवढ्यावर भागते. चाकणहून गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर पुणे-नाशिक रस्त्यावर रोज दिसतात. आता रेल्वेचाही वापर वाढतो आहे. मारुतीच्या गुजरातमधल्या हंसलपूर कारखान्यात २०२४ साली आवारातच रेल्वेचे साइडिंग सुरू झाले. एकावर एक रचलेल्या गाड्यांच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या असणे हा आगीचा उघड धोका आहे. कंटेनरमध्ये घालून जहाजाने पाठवायच्या गाडीची टाकी पाव भागापेक्षा जास्त भरलेली नसावी, अशी अट धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच आहे.

त्यानंतर यार्डातला मुक्काम. डीलरांची देशव्यापी संघटना ‘फाडा’ने सप्टेंबर २०२४ च्या अहवालात सांगितले होते, की प्रवासी गाड्यांचा साठा ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीएवढा तुंबला आहे. सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये. म्हणजे गाडी अडीच-पावणेतीन महिने उन्हापावसात उभी. अशा गाडीत आधीपासून टाकी भरून ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही. पेट्रोल चोरीला जाऊ शकते, आगीची भीती वाढते आणि इंधन शिळे होते ते वेगळेच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. तेव्हा टाकी भरायचीच, तर ती गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत भरली पाहिजे. मुंबई-पुण्यातल्या शोरूमला यात अवघड काही नाही, पंप कोपऱ्यावरच असतो.

अडते ते पैशांत.

मारुती स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, क्रेटाची ५०, फॉर्च्युनरची ८०. २०२५ साली मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होते. त्या दराने स्विफ्टची टाकी सुमारे ३,८३० रुपयांत भरते, क्रेटाची ५,१७५ रुपयांत. सात लाखांच्या गाडीत ३,८३० रुपये म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक. ग्राहकाला ही रक्कम किरकोळ वाटते आणि ते स्वाभाविक आहे. डीलरच्या बाजूने तोच आकडा वेगळा दिसतो. हिशेबापुरते त्याला गाडीमागे पाच टक्के सुटतात असे धरू. सात लाखांवर ३५ हजार झाले. त्यातून शोरूमचे भाडे, पगार, साठ्यावरच्या कर्जाचे व्याज आणि ग्राहकाने घासाघीस करून मिळवलेली सूट जाते. उरलेल्यातून ३,८३० काढायचे. महिन्याला शंभर गाड्या विकणाऱ्याला हा खर्च पावणेचार लाखांच्या पुढे जातो.

कराचीही एक गाठ आहे. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहेत. महाराष्ट्रात पेट्रोलवर व्हॅट लागतो, १ जुलै २०२४ पासून तो २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा आहे. डीलर विक्रीसाठी सीट कव्हर विकत घेतो तेव्हा त्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट त्याला मिळते. पंपावर भरलेल्या व्हॅटची तशी वजावट मिळत नाही. पेट्रोल त्याला पंपावरच्या पाटीवर लिहिलेल्या भावानेच पडते, एक पैसाही कमी नाही.

सवलतीचा सगळा खेळ इथे उलगडतो. सेल्समन ‘सर, चार हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री देतो’ असे सहज म्हणतो, पण ‘चार हजारांचे पेट्रोल देतो’ असे म्हणताना त्याची जीभ अडखळते. मॅट, मडफ्लॅप, दाराच्या कडेची क्रोमची पट्टी, गाडीतले अत्तर यांच्या छापील किमतीत भरपूर वाव असतो. चार हजारांची म्हणून दिलेली वस्तू डीलरला त्याहून बरीच स्वस्त पडलेली असते. पेट्रोलचा भाव मात्र शेंबडे पोरही सांगेल. त्यात फुगवायला जागाच नाही. म्हणून सौदा शेवटच्या टप्प्यावर आला की शहाण्या ग्राहकाने ॲक्सेसरीजऐवजी इंधन मागावे. चार हजारांचे पेट्रोल म्हणजे खरोखर चार हजारांची सूट.

मग पूर्ण टाकीची सक्तीच का करू नये? अमेरिकेचे उदाहरण यात नेहमी दिले जाते. तिथे नवी गाडी भरल्या टाकीने देण्याचा प्रघात बऱ्याच डीलरांकडे आहे. पण तो बाजाराने पाडलेला पायंडा आहे. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या प्रयत्नांतून १९५८ साली तिथे कायदा झाला आणि नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवणे बंधनकारक झाले. मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तूंची किंमत, वाहतुकीचा खर्च हे सगळे त्यावर लिहावे लागते. त्याआधी तिथले डीलर मनाला येईल ती किंमत सांगत. त्या कायद्याने टाकी भरायला लावली नाही, खर्च लिहायला लावला. आपल्याकडे घेण्यासारखे आहे ते हे.

सक्ती केली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ३,८३० रुपये कोटेशनमध्ये कुठल्यातरी नावाखाली परत येतील. आजही कोटेशनचा कागद नीट वाचला तर एक्स-शोरूम किंमत, विमा, रस्ता कर, फास्टॅग आणि दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस या ओळींच्या खाली ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ अशी एक ओळ सापडते. यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. तरी ग्राहकाकडून तो वेगळा मागितला जातो. काही राज्यांच्या परिवहन विभागांनी असे शुल्क घेऊ नका म्हणून डीलरना बजावलेही आहे. ज्या डीलरने या ओळीत पैसे घेतले, त्याने रिझर्व्हवरची गाडी हातात द्यावी हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. अशी ओळ दिसली की ती काढून टाकायला सांगावी. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या लेखमालेची भूमिका अशी, की पूर्ण टाकी हा सौद्याचा भाग असू द्यावा, पण किमान दहा लिटर हा हक्क मानावा आणि तो कोटेशनवर लिहिलेला असावा. त्याचा खर्च साधारण हजार रुपये. एवढ्या इंधनात माणूस पंप शोधत न फिरता घरी पोहोचतो. ही नुसती सोयीची गोष्टही नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि त्याला थंडावा, वंगण त्या पेट्रोलमधूनच मिळते. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी दामटली तर पंपावर ताण येतो. डिझेल गाडीत इंधन संपले की नळ्यांमध्ये हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. साताऱ्याहून पुण्याला गाडी घ्यायला आलेले कुटुंब रात्री परत निघते, पाडव्याला पंपांवर रांगा असतात, घाटात गाडी थांबते. ज्या गाडीचे दिवे कुठून लागतात हेही अजून सवयीचे झालेले नाही, तिच्यात तो प्रसंग येऊ नये.

गाडी ताब्यात घेताना सही करण्याआधी दोन मिनिटे ड्रायव्हरच्या जागेवर बसावे. इग्निशन चालू करून काटा पाहावा. काट्याशेजारी पंपाचे बारीक चित्र असते, त्याला लागून असलेला बाण टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवतो. झाकण उघडायचा खटका बहुतेक गाड्यांत सीटच्या बुडाशी असतो, तो ओढून पाहावा. झाकणाच्या आत कोणते इंधन घालायचे ते लिहिलेले असते. पंपावरच्या गडबडीत पेट्रोल गाडीत डिझेल पडण्याचे प्रकार नव्या मालकांकडून घडतात, कारण पंपावरचा मुलगा विचारतो आणि उत्तर सवयीने जुन्या गाडीचे दिले जाते. काही मोठ्या डिझेल एसयूव्हींत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, ती किती भरली आहे हेही विचारून घ्यावे. ते द्रावण संपले तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो, असा निरोप दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरतो. इंडियन ऑइलने तो खोटा असल्याचे जाहीर केले आहे. तापमान १० अंशांनी वाढले तर ३७ लिटर पेट्रोल साधारण पाव ते अर्ध्या लिटरच्या दरम्यान फुगते आणि टाकी बनवताना तेवढी जागा मोकळी सोडलेलीच असते. नॉझल आपोआप बंद झाले की थांबावे, त्यापुढे गळ्यापर्यंत ठासून भरू नये, एवढेच पथ्य.

सीएनजी गाडीची गोष्ट थोडी वेगळी. तिला पेट्रोलचीही टाकी असते आणि ताब्यात मिळते तेव्हा सिलिंडर बहुधा रिकामाच असतो. डीलरने गॅस भरून द्यायचा तर त्याच्या माणसाला पंपावरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि पुण्यासारख्या शहरात ती रांग तासाभराची असू शकते. इथे गॅसचा आग्रह धरण्यापेक्षा पेट्रोलची टाकी अर्धी तरी भरून घ्यावी. पहिल्यांदा गॅस भरायला जाताना सिलिंडरची कंप्लायन्स प्लेट जागेवर आहे ना हे पाहावे, पंपावर तीच तपासतात.

विजेच्या गाडीला मात्र डीलरची कोणतीच सबब चालत नाही. टाटा नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची आहे. युनिटला १० रुपये धरले तरी ती शून्यापासून भरायला साडेचारशे रुपये लागतात, शोरूममध्ये चार्जर असतोच आणि रांगही नसते. तरीही ३०-४० टक्के चार्जवर गाडी हातात ठेवणारे डीलर आहेत. विजेची गाडी घेणाऱ्याने ताबा घेण्याची वेळ ठरवतानाच चार्जचा आकडा सांगावा आणि तो व्हॉट्सॲपवर सेल्समनकडून लिहून घ्यावा. घरी चार्जर बसायला सोसायटीची परवानगी, वीजजोडणीचा वाढीव भार यांत कधी कधी आठवडे जातात. तोवर गाडी त्या पहिल्या चार्जवर आणि रस्त्यावरच्या चार्जरवरच चालवावी लागते.

(पुढील भागात : विमा डीलरकडूनच घ्यावा लागतो का?)