जर्मन कुटुंबांचा शनिवार-रविवार

जर्मन मनुष्य म्हटला म्हणजे यंत्रशाळेत गढून गेलेला, घड्याळाच्या काट्याला बांधलेला आणि भावनांचे प्रदर्शन टाळणारा, अशी एक प्रतिमा आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात ठसलेली असते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अपुरी खास आहे. तिची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर शुक्रवारी दुपारनंतर हनोवर, कोलोन किंवा फ्रांकफुर्ट यांपैकी एखाद्या मोठ्या स्टेशनाच्या फलाटावर काही वेळ उभे राहावे. मळक्या कपड्यांचे गाठोडे आईकडे धुवावयास नेणारे विद्यार्थी, केकचा डबा हलू नये म्हणून तो मांडीवर सावरून बसलेल्या आजीबाई, आठवडाभर म्यूनिकला नोकरी करून लाइपझिगला बायकामुलांकडे निघालेले गृहस्थ, हातात फुलांचा गुच्छ घेतलेले तरुण, अशी माणसांची रीघ लागलेली असते. ही यात्रा कोणत्याही क्षेत्राची नसते. आप्तेष्टांना भेटावयाचे आणि रविवारी रात्री परत आपल्या बिऱ्हाडी यावयाचे, एवढाच तिचा हेतू.

या धावपळीचे पहिले कारण जर्मनीच्या घडणीतच आहे. फ्रान्समध्ये सर्व वाटा पॅरिसकडे जातात. जर्मनीत तसे एक केंद्र नाही. १८७१ साली साम्राज्य एकवटेपर्यंत हा देश अनेक राज्ये, संस्थाने व स्वतंत्र नगरे यांत विभागलेला होता. प्रत्येक राजधानीचा दरबार निराळा, नाट्यगृह निराळे आणि पुष्कळदा विद्यापीठही निराळे. त्याचा परिणाम आजही दिसतो. राज्यकारभार बर्लिनला, पेढ्या फ्रांकफुर्टला, बंदर हांबुर्गला, मोटारींचे कारखाने स्टुटगार्ट, म्यूनिक व वोल्फ्सबुर्ग येथे. त्यामुळे एका घरातील तीन भावंडे तीन दिशांना नोकरीस लागणे ही अगदी नित्याची गोष्ट होऊन बसते. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३,५७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडेसे अधिक. एका दिवसात एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाता येते, पण संध्याकाळी सहज डोकावून यावे इतके ते जवळ नाही. भेटीगाठी शनिवार-रविवारी साठून राहतात त्या यामुळे.

दुसरे कारण इतिहासाने घातलेल्या घावांचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस व त्यानंतर पूर्वेकडील प्रदेशांतून सुमारे सव्वा कोटी जर्मन निर्वासित व्हावे लागले. ज्याला जेथे आसरा मिळाला तेथे त्याने चूल मांडली. सख्खे भाऊ शेकडो मैलांच्या अंतराने नव्याने वसले, आणि ताटातूट झालेली मुले व आईबाप यांचा शोध रेडक्रॉस संस्थेला वर्षानुवर्षे करावा लागला. पुढे १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पूर्व भागातील तरुण कामधंद्यासाठी पश्चिमेकडे निघून गेले आणि वडीलधारी माणसे मागे राहिली. त्यांच्या मुलांनी धरलेल्या शुक्रवारच्या गाड्या हे त्या स्थलांतराचेच एक अंग होय.

तथापि माणसे विखुरली एवढ्याने भेटी होत नाहीत. भेटीला सवड लागते, आणि ती सर्वांना एकाच वेळी असावी लागते. जर्मनीत ही सवड कायद्याने राखली आहे. कामगारांना रविवारची विश्रांती देणारा कायदा तेथे १८९१ साली झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती, हे येथे सहज आठवते. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवार हा कामापासून विश्रांतीचा व मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षिला, आणि ते कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने जसेच्या तसे स्वीकारले. हे कलम केवळ शोभेचे नाही. बर्लिनच्या राज्याने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा देशातील सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये ती सवलत घटनाबाह्य ठरविली.

म्हणून रविवारी जर्मन शहरांतील बहुतेक दुकाने बंद असतात. बेकऱ्या काही तास उघडतात आणि मोठ्या स्टेशनांवरील दुकानांना मुभा असते. ऐनवेळी आठवण झालेला पाहुणा फुले घेतो ती बहुधा स्टेशनवरच! साडेसात टनांवरील मालमोटारींना रविवारी मध्यरात्रीपासून रात्री दहा वाजेपर्यंत, थोडे अपवाद वगळता, रस्त्यावर येण्यास बंदी असते. त्यामुळे भेटीस निघालेल्या कुटुंबांच्या मोटारींना रस्ते मोकळे सापडतात.

शनिवारची गोष्ट निराळी. तो धर्माने दिलेला नाही. तो मजुरांनी झगडून मिळविलेला आहे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत शनिवारीही काम करणे हाच रिवाज होता. १९५६ साली जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने पाच दिवसांच्या आठवड्यासाठी चळवळ उभारली. तिच्या एका भित्तिपत्रकावर एक लहानगे मूल शनिवारी बाबा माझे आहेत असे सांगताना दाखविले होते. वेतनाचे आकडे व तासांचे हिशेब यांनी जे साधले नसते ते त्या बालकाच्या हक्काने साधले. पुढील दशकात एकामागून एक धंद्यांत चाळीस तासांचा आठवडा आला आणि दोन दिवसांची सलग सुटी घराघरांत पोहोचली. दूरच्या गावी जाऊन मुक्काम करता येणे शक्य झाले ते तेव्हापासून.

आता प्रवासाच्या साधनांकडे वळू. जर्मनीतील पहिली वाफेची आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्ग व फ्यूर्ट यांच्या दरम्यान, जेमतेम सहा किलोमीटर धावली. फ्रीडरिश लिस्ट या अर्थशास्त्रज्ञाने त्याच्याही आधी, १८३३ सालीच, साऱ्या जर्मन मुलखाला जोडणाऱ्या लोहमार्गांचा आराखडा प्रसिद्ध केला होता. त्याचे स्वप्न पुढे खरे झाले, आणि ते कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे एका मध्यबिंदूभोवती न विणले जाता मासेमाराच्या जाळ्याप्रमाणे अनेक गाठींनी विणले गेले. १९९१ साली अतिवेगवान गाड्या सुरू झाल्या. २०१७ च्या डिसेंबरात नवा मार्ग पुरा होऊन बर्लिन ते म्यूनिक हे अंतर चार तासांच्या आत आले.

परंतु वेगवान गाडीचे भाडे विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाही. १९९५ साली रेल्वेने शनिवार-रविवारसाठी एक खास तिकीट काढले. पंधरा मार्कांत पाच माणसांनी साध्या गाड्यांतून देशभर हिंडावे, अशी ती योजना. लवकरच फलाटांवर एक नवी रीत रूढ झाली. एकाच दिशेला निघालेले अनोळखी लोक एकमेकांना विचारून पाचांची टोळी जमवीत आणि खर्च वाटून घेत. हे तिकीट पुढे महाग होत गेले, एका दिवसापुरते उरले व २०१९ मध्ये बंद झाले. त्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोंत महिनाभर साध्या गाड्यांतून कोठेही जाण्याची मुभा मिळाली, आणि मे २०२३ पासून त्याच धर्तीचे मासिक तिकीट एकूणपन्नास युरोंना मिळू लागले. जानेवारी २०२५ मध्ये त्याची किंमत अठ्ठावन्न युरो झाली. मोटारवाल्याने रिकाम्या जागी सहप्रवासी घेऊन पेट्रोलचा खर्च वाटून घ्यावयाचा, हीही तेथील जुनी पद्धत आहे. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर मात्र रेल्वेच्या हितासाठी कित्येक दशके निर्बंध होते. ते २०१३ साली उठले.

जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाची कीर्ती आपल्याकडे अजून टिकून आहे. जर्मनांच्या घरी ती टिकलेली नाही. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी तेथे वेळेवर धरतात, आणि इतकी सूट देऊनही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शेकडा सुमारे साडेबासष्ट गाड्याच वेळेवर पोहोचल्या. मध्ये गाडी बदलावयाची असेल तर दहा मिनिटांचा उशीर एका तासाचा होतो, आणि आजीच्या टेबलावरील कॉफी निवून जाते.

ही कॉफी म्हणजे जर्मन भेटीचा गाभाच. दुपारी तीन-चारच्या सुमारास कॉफी व केक, हा तेथील आतिथ्याचा ठरलेला प्रकार आहे. पूर्वसूचनेवाचून दार ठोठावणे शिष्टसंमत नाही; भेटीचा दिवस कित्येक आठवडे आधी ठरतो आणि दिनदर्शिकेत नोंदला जातो. आपल्याकडील ‘आलो होतो इकडे, म्हटले डोकवावे’ हे वाक्य तेथे सहसा ऐकू येणार नाही. पाहुण्याने रिक्त हस्ते येऊ नये, सांगितलेल्या वेळेस यावे, पुष्कळ घरी जोडे दाराशी काढून यजमानाने दिलेल्या सपाता घालाव्या, कॉफीनंतर सर्वांबरोबर फेरफटक्यास निघावे. वाढदिवसाचे अभीष्टचिंतन आधी करणे अशुभ मानतात; म्हणून पुष्कळदा मित्रमंडळी आदल्या रात्री जमते आणि बाराचे ठोके पडेपर्यंत शुभेच्छा ओठांवर थोपवून धरते. रात्रीचे जेवण बहुधा पाव, चीज व थंड मांसाचे तुकडे असे साधेच. त्यामुळे गृहिणीचा सारा दिवस चुलीपाशी जात नाही. रविवारी गवत कापण्याचे यंत्र लावणे, भिंतीत खिळे ठोकणे असला गोंगाट वर्ज्य असतो. रात्री सव्वाआठला १९७० पासून चालत आलेली एक गुन्हेशोधनाची दूरचित्रवाणी मालिका लागते. ती लागली की सुटी संपली असे कित्येक घरी मानतात.

या सर्व नियमांमुळे सुटीचे गणित कसे बसते ते पाहा. समजा, एखादे जोडपे कोलोनला राहते. मुलाचे आईवडील हनोवरजवळ, जुन्या मित्राचा चाळिसावा वाढदिवस बर्लिनला, आणि मुलीची आजी लाइपझिगला. शुक्रवारी रात्री हनोवर, शनिवारी संध्याकाळी बर्लिन, रविवारी दुपारी आजीकडील कॉफी, आणि तेथून पाच तासांचा परतीचा प्रवास. सोमवारी सकाळी कचेरीत पाऊल टाकताना विश्रांती कोणी घेतली, हा प्रश्नच उरतो. विरंगुळ्यापासून होणाऱ्या ताणाला जर्मन भाषेत एक स्वतंत्र शब्दच आहे: ‘फ्रायत्साइटश्ट्रेस’.

इतकी दगदग ही माणसे का सोसतात? त्याचे उत्तर काही अंशी बर्लिनच्या भिंतीत सापडते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी ती भिंत उभी राहू लागली, तेव्हा दोन रस्ते ओलांडून आईकडे जाणेही अशक्य झाले. दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९६३ च्या नाताळात, पश्चिम बर्लिनच्या नागरिकांना पूर्व बर्लिनमधील नातेवाइकांस भेटण्यासाठी अल्पकाळ परवाने देण्यात आले. ते मिळविण्यासाठी लोक कडाक्याच्या थंडीत तासन् तास रांगा लावून उभे राहिले, आणि १९ डिसेंबर ते ५ जानेवारी या मुदतीत सुमारे बारा लाख भेटी झाल्या. १९६४ च्या अखेरीस पूर्वेकडील निवृत्त वृद्धांना पश्चिमेतील नातलगांकडे जाण्याची परवानगी मिळाली. तरुणांना ती नव्हती, कारण ते परत येणार नाहीत ही सरकारला धास्ती. पश्चिमेकडून येणाऱ्याला दर दिवसामागे ठराविक रक्कम पूर्वेच्या चलनात बदलून घ्यावी लागे; १९८० मध्ये ती पंचवीस मार्क झाली. आईला भेटण्यावर ही एक प्रकारची जकातच होती. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाजवळच्या निर्गमन-मंडपात निरोप देणारे व घेणारे रडत, म्हणून लोकांनी त्याला ‘अश्रूंचा महाल’ असे नाव दिले. तेथे २०११ पासून संग्रहालय आहे. पुढे ९ नोव्हेंबर १९८९ रोजी, गुरुवारी रात्री, भिंतीची दारे उघडली, आणि पाठोपाठ आलेल्या शनिवार-रविवारी लक्षावधी माणसे पश्चिमेकडे लोटली. जर्मनीच्या इतिहासात याहून मोठा भेटीचा शनिवार-रविवार झालेला नाही.

आजचे अडथळे भिंतीचे नाहीत, पण ते नाहीतच असे म्हणता येणार नाही. जर्मनीत सुमारे एक कोटी सत्तर लाख माणसे, म्हणजे दर पाचांत एक, एकटी राहतात. विभक्त झालेल्या आईबापांची मुले पुष्कळदा एकाआड एक शनिवार-रविवार दुसऱ्या घरी काढतात. ज्या वृद्धाकडे कोणी येत नाही, त्याला रविवारची शांतता इतर दिवसांच्या गजबजाटापेक्षा अधिक जड जाते. कायद्याने सुटी राखता येते. दारावरची घंटा कायद्याने वाजत नाही.

अलीकडे जर्मनीत शिकावयास व नोकरीस गेलेल्या मराठी तरुणांनीही ही रीत उचलली आहे. गणेशोत्सव किंवा दिवाळी मधल्या वारी आली तर मंडळाचा कार्यक्रम जवळच्या शनिवारी होतो, आणि त्यासाठी माणसे शेजारच्या शहरांतून गाड्या बदलीत येतात. तेथे आजी नसते, मावशी नसते. म्हणून मित्राचे बिऱ्हाड हेच आजोळ होते.

आपल्याकडेही मुले आता पुण्यामुंबईहून बंगळूर, हैदराबादला पांगली आहेत, आणि रविवार राखणारे घटनेचे कलम आपल्यापाशी नाही. जर्मन कुटुंबांपासून घेण्यासारखे आहे ते त्यांचे वेळापत्रक नव्हे; कामाच्या आठवड्यातील दोन दिवस आपल्या माणसांचे आहेत, ही त्यांची ठाम समजूत होय. त्यांतला एखादा रविवार कोठेही न जाता घरीच काढावा, म्हणजे आपल्याकडे येऊ इच्छिणाऱ्यालाही दार उघडे सापडेल.