एका पैंजणाची अनेक क्रियापदे

हुपरीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मला खडूफळ्याइतकाच उपयोग पैंजणांचा झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. तेव्हा उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही.

आपली अडचण अशी, की एका मराठी शब्दापुढे दोन-तीन इंग्रजी क्रियापदे दिसली, की आपण ती जुळी भावंडे समजतो. ‘मोजणे’च घ्या. आपण घुंगरू मोजतो आणि तारेची लांबीही मोजतो. इंग्रजीत मात्र घुंगरू ‘काउंट’ करायचे आणि तार ‘मेझर’ करायची. एक, दोन, तीन म्हणता आले तर ‘काउंट’. पट्टी लागली तर ‘मेझर’. चांदी तराजूत घातली, की ‘वे’.

कधी मराठीच वाट दाखवते. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे ‘मेल्ट’ होते. चहातली साखर विरघळते, म्हणजे ‘डिझॉल्व्ह’ होते. हा भेद आपल्या आजीलाही ठाऊक असतो. तरी मुले साखरेला ‘मेल्ट’ लावतात, कारण इंग्रजीच्या तासाला ती आपली भाषा वर्गाबाहेर ठेवून येतात!

दागिना अंगावर चढला, की आणखी गंमत. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. इंग्रजीत या सगळ्यांना एकटे ‘वेअर’ पुरते. पण मुलगी पायात पैंजण घालते आहे, त्या क्षणी ‘पुट ऑन’; घालून अंगणभर हिंडते आहे, तेव्हा ‘वेअर’.

सर्वांत महाग पडणारी जोडी ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ची. मराठीत ‘उसने’ शब्द एकच. देणे-घेणे पुढे कळते. इंग्रजीत ती दिशा क्रियापदाच्याच पोटात असते. परप्रांतीच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिताना ‘आम्ही उसने दिले’ यासाठी ‘लेंट’ऐवजी ‘बॉरोड’ लिहिले, तर एका शब्दाने धनकोचा ऋणको होतो! चोरीचेही तसेच. चोर चांदी ‘स्टील’ करतो, पण सराफाला ‘रॉब’ करतो. पहिल्यात नजर मालावर, दुसऱ्यात मालकावर.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते. शब्द लवकर पाठ होतात. त्यांची माणसे आणि वस्तू मात्र मागे राहतात. म्हणून माझे सांगणे एवढेच : क्रियापद एकटे पाठ करू नये. कोणी केले, कशाला केले, कशाने केले, हे सोबत ठेवावे.

यंदा फराळ करताना मुलांना जवळ बसवून पाहा. लाडवाचा रवा भाजतो तो ‘रोस्ट’, नानकटाई भाजतो ती ‘बेक’, चकली तळतो ती ‘फ्राय’. स्वयंपाकघरातला हा धडा मुले सहसा विसरत नाहीत.