घरासाठीं स्ट्रीमिंग-यंत्र कसें निवडावें?

पूर्वीं घरांत एखादी मोठी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे वडील माणसें आपसांत विचारविनिमय करीत, आणि मुलांना ती वस्तु घरीं आल्यावरच दिसे. आतां काळ पालटला आहे. टीव्हीला जोडावयाची स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स घ्यावयाचा असला, कीं आजीआजोबांपासून मातापित्यांपर्यंत सर्वजण शाळेंत जाणाऱ्या मुलाकडेच पाहतात. "तूंच सांग बाबा, कोणतें घ्यावें?" हा प्रश्न ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कितीतरी घरांतून ऐकूं येतो. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा कोठें खर्च व्हावा हें सांगण्याची जबाबदारी लहान नव्हे. म्हणून ह्या विषयाचा क्रमवार विचार करण्याचें योजिलें आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं कार्यक्रमाची वेळ केंद्र ठरवी. त्या वेळीं जो घरीं नसेल तो कार्यक्रमास मुकला. पुढें केबल आली, वाहिन्या वाढल्या, तरी वेळेचें बंधन राहिलेंच. आमच्या भागास तें विशेष जाचे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, १८५४ सालीं रूळ कल्याणपर्यंत पोहोंचले, आणि हळूहळू हा सारा प्रदेश मुंबईस रोज जाऊन येणाऱ्यांचा झाला. रात्रीं नऊला उंबरठा ओलांडणाऱ्या मनुष्यास आठाची मालिका कशी दिसावी? इंटरनेटवरून कार्यक्रम मागवूं लागल्यावर वेळ ठरविण्याचा अधिकार केंद्राकडून पाहणाऱ्याकडे आला. अ‍ॅपल टीव्ही २००७ सालीं, रोकू २००८ सालीं आणि क्रोमकास्ट २०१३ सालीं बाजारांत आले. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आपल्या देशांत २०१७ सालीं विकावयास आली.

हें यंत्र करतें तरी काय? आपल्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढें आणा. नळाला पाणी कधीं जोरानें येतें, कधीं करंगळीएवढ्या धारेनें. परंतु टाकींत सांठा असेल तोंवर स्वयंपाकघरांतील धार खंडत नाहीं. त्याचप्रमाणें दूरच्या संगणकावर कार्यक्रमाचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे करून ठेविलेले असतात. यंत्र पुढचे तुकडे आधींच मागवून सांठवितें आणि क्रमानें पडद्यावर दाखवितें. येणारी धार बारीक झाली, तर तें कमी स्पष्टतेचे, म्हणजे आकारानें लहान तुकडे मागवूं लागतें. तेवढेंही न पुरल्यास टाकी रिकामी होते, आणि पडद्यावर तें प्रसिद्ध चक्र फिरूं लागतें.

डोंबिवलींतील आमच्या एका शेजाऱ्यांची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांच्या वृद्ध मातोश्रींचे गुडघे अधू झाल्यामुळें देवळांत कीर्तनास जाणें होईना. पुत्रानें मातृभक्तीनें सर्वांत महाग 'फोर-के' स्टिक आणली. घरीं येऊन पाहतात तों जुन्या टीव्हीला ती बसविण्याची खांचच नाहीं! मध्यें दुसरें यंत्र जोडून ती कशीबशी चालू केली. पण इंटरनेट मोबाइलचें. तास संपण्यापूर्वींच दिवसाचा सांठा सरला. मातोश्री म्हणाल्या, "अरे, बुवांनीं अभंग म्हणावयास तोंड उघडलें, कीं तें चक्रच फिरूं लागतें." पैसा गेला आणि कीर्तनही गेलें. पुढील प्रश्न आधीं विचारले असते, तर हा प्रसंग आला नसता.

पहिला प्रश्न असा, कीं यंत्राची गरज आहे काय? आजकालच्या पुष्कळ टीव्हींत ही सोय मूळचीच असते, आणि फायबरची जोडणी देणाऱ्या कंपन्या कित्येकदां आपला बॉक्सही बरोबर देतात. हातांत असलेल्या वस्तूचा शोध आधीं घ्यावा. टीव्ही चांगला असून त्यांतील सोय मंद किंवा कालबाह्य झाली असेल, तेथेंच वेगळी स्टिक खरी उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न टीव्हीच्या पाठीचा. तेथें 'एचडीएमआय' नांवाची चपटी खांच पाहिजे. लाल, पांढरी व पिवळी अशीं तीन गोल भोकेंच असतील, तर मध्यस्थ यंत्र लागतें, आणि चोरी टाळण्यासाठीं घातलेल्या कुलुपांमुळें कांहीं कार्यक्रम त्यांतून दिसतही नाहींत. पडद्याचा दर्जाही पाहावा. 'फुल एचडी' पडद्यावर सुमारें २०.७ लक्ष बिंदु असतात व 'फोर-के' पडद्यावर सुमारें ८३ लक्ष, म्हणजे बरोबर चौपट. ज्या पडद्यावर चौपट बिंदूच नाहींत, त्यासाठीं फोर-के यंत्रास जादा दाम देणें म्हणजे आंधळ्यापुढें आरसा धरणें होय.

तिसरा प्रश्न इंटरनेटच्या वेगाचा. फुल एचडी चित्रास सेकंदाला सुमारें ५ मेगाबिट व फोर-के चित्रास सुमारें १५ मेगाबिट वेग लागतो, असें नेटफ्लिक्स सांगतें. गणित सोपें आहे: ५ ला ३६०० नें गुणून ८ नें भागिलें, कीं तासाला २२५० मेगाबाइट, म्हणजे सव्वादोन गिगाबाइट होतात. ज्या मोबाइलला दिवसास २ गिगाबाइट मिळतात, त्याचा सांठा ह्या हिशेबानें ५३ मिनिटांत संपेल. आमच्या शेजाऱ्यांच्या घरीं झालें तें हेंच.

चौथा प्रश्न भिंतींचा. वाय-फायच्या लहरी मुख्यत्वें दोन प्रकारच्या, २.४ व ५ गिगाहर्ट्झच्या. पहिल्या भिंतींतून दूरवर जातात. परंतु त्यांच्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, आणि दाट वस्तीच्या इमारतींत शेजारपाजारचे सारे राउटर त्याच मार्गांवर गर्दी करतात. सकाळच्या लोकलच्या डब्यासारखी ही अवस्था समजावी. दुसऱ्या लहरींवर गर्दी कमी व वेग अधिक. पण काँक्रीटच्या एकदोन भिंती आड आल्या, कीं त्या दुबळ्या होतात. म्हणून दोन्ही लहरी ओळखणारें यंत्र घ्यावें आणि राउटर शक्य तों टीव्हीच्याच खोलींत ठेवावा. तार ओढणें शक्य असेल, तर तारेचें भोंक असलेला बॉक्स सर्वांत विश्वासू. स्टिक टीव्हीच्या पाठीशीं दडून लहरी नीट पकडत नसेल, तर तिच्याबरोबर येणारा लहानसा जोड वापरावा. वीज मात्र तिच्या स्वतःच्या अडॅप्टरनेंच द्यावी; टीव्हीच्या यूएसबी खांचेंतून ती बहुधा अपुरी मिळते व यंत्र मधूनच बंद पडून पुन्हां सुरू होतें.

पांचवा प्रश्न, घरांतील माणसें काय पाहणार? ज्या मंचांवर त्यांचे कार्यक्रम आहेत, ते मंच त्या यंत्रावर चालतात काय, हें दुकानांतच पाहून घ्यावें. प्रसार भारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें गोव्याच्या चित्रपट महोत्सवांत 'वेव्हज्' हा मंच सुरू केला. त्यावर मराठीसह अनेक भाषांतील कार्यक्रम असून त्यांतील पुष्कळ विनामूल्य आहेत. ज्यांस ऐकूं कमी येतें, त्यांच्यासाठीं अक्षरें मोठीं करतां येतात काय, रिमोटपाशीं मराठींत बोलून शोध घेतां येतो काय, व लहान मुलांसाठीं कुलूप लावतां येतें काय, हेंही तपासावें. शिवाय कंपनी नव्या सुधारणा किती वर्षें देणार, हें विचारावें. क्रोमकास्टसारख्या नामांकित यंत्राचें उत्पादनही २०२४ सालीं थांबविण्यांत आलें. कोणतेंच यंत्र अमर नाहीं.

सहावा प्रश्न एकूण खर्चाचा. समजा, स्टिक ४००० रुपयांची आहे आणि मंचांची वर्गणी दरमहा ३०० रुपये. चार वर्षांत वर्गणीच १४,४०० रुपये होते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपण प्रार्थनेच्या तासास ऐकला आहे. तो टीव्हीच्या खरेदीसही लागू पडतो. एका वेळीं एकच वर्गणी घ्यावी व गरज संपली कीं बंद करावी, हा उत्तम मार्ग.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. "एकदां पैसे भरा, मग सारे चित्रपट फुकट" असें सांगून कांहीं अनामिक बॉक्स स्वस्तांत विकले जातात. परक्याच्या श्रमाचें फळ न विचारतां घेणें ही चोरीच होय, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें तो गुन्हाही आहे. त्यांत धोकाही आहे. २०२३ सालीं संशोधकांनीं असें उघडकीस आणिलें, कीं स्वस्त अँड्रॉइड बॉक्सांपैकीं कांहींत कारखान्यांतून निघतांनाच दुष्ट प्रणाली दडविलेली होती. जून २०२५ मध्यें अमेरिकेच्या एफबीआयनेंही तसा जाहीर इशारा दिला. असा बॉक्स घरांतील वाय-फायवर परक्यास वाट करून देतो. म्हणून ओळखीच्या कंपनीचें, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण असलेलें यंत्रच पावती घेऊन विकत घ्यावें.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नाहीं, घराचा आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एक टीव्ही, एक रिमोट आणि एक दहावीचा विद्यार्थी असतो. पूर्वीं कार्यक्रम आपोआप संपे. आतां एक भाग संपला कीं दुसरा स्वतःच सुरू होतो. आपोआप पुढें जाण्याची ही सोय बहुतेक मंचांवर बंद करतां येते. ती पहिल्याच दिवशीं बंद करावी, आणि टीव्ही केव्हां मिटावयाचा तें सर्वांनीं मिळून ठरवावें.

आमच्या शेजाऱ्यांनीं अखेर आपल्या आठवींतील मुलाचा सल्ला घेतला. त्यानें वेग मोजला, भिंती पाहिल्या, वहींत हिशेब मांडला. फायबरची जोडणी आली, व जुना टीव्ही अगदींच थकल्यामुळें मध्यम आकाराचा एक साधा टीव्ही घेतला. त्यांत सर्व सोय असल्यामुळें ती महाग स्टिक ठाण्यास बहिणीच्या मोठ्या पडद्याकडे गेली. आतां मातोश्री रोज दुपारीं कीर्तन अखंड ऐकतात. मात्र सायंकाळीं सात वाजले कीं त्या स्वतःच रिमोट उचलून टीव्ही बंद करतात व म्हणतात, "आतां नातवाच्या अभ्यासाची वेळ झाली."